हिराबाई रडत नव्हत्या

संपादकांनी लेख मागताना दोन गोष्टी मागितल्या. प्रमिलाताईंबरोबर काढलेल्या वर्षांविषयी लिहा, ही एक. आणि सोबत ‘तो’ फोटो द्या, ही दुसरी. कोणता, ते त्यांनी लिहिलं नाही आणि लिहायची गरजही नव्हती. यंदा ज्या एका फोटोवरून प्रमिलाताईंच्या फोटोंचं प्रदर्शन थांबलं, तोच. पहिली मागणी पूर्ण करते आहे. दुसरीचं काय झालं ते ओघात येईलच.

मी हळू लिहिते. रिटचिंग करणाऱ्या बाईच्या हाताला घाई माहीत नसते. शिवाय फाल्गुनात प्रमिलाताई गेल्या तेव्हापासून एक वाक्य लिहून झालं की ते त्यांना वाचून दाखवायला मान वर होते. समोर भिंत असते. मग पुढचं वाक्य सुचायला वेळ लागतो.

आजच्या मुलांना रिटचिंग म्हणजे मोबाइलवर बोट फिरवणं वाटतं. मी ते काम शिकले तेव्हा ते हातानं, निगेटिव्हवर करायचं असे. बी.ए. झाल्यावर मी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका स्टुडिओत लागले. मालकांना सगळे नाना म्हणत. माझ्यापुढे उतरत्या डेस्कासारखी एक पेटी असायची, वर दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून काचेवर येई आणि तिच्यावर ठेवलेली निगेटिव्ह उजळून निघे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. गालावरचा काळा तीळ तिथे पारदर्शक ठिपका होतो आणि चकाकणारी जागा काळी दिसते. तीळ घालवायचा तर त्या ठिपक्यात टोकदार पेन्सिलीनं बारीक रेघा भरायच्या. चकाकी घालवायची तर पेन्सिल कामाची नाही, पात्यानं तो काळा थर खरवडावा लागतो. पेन्सिल चुकली तर धुता येते. पातं चुकलं तर चुकलं.

गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक उपवर मुलींचे वडील. देवीचे वण घालवा, रंग जरा उजळ करा, चष्म्याचा नाकावरचा खड्डा भरा. एकदा एक मुलगी एकटीच आली. हातात तिचाच फोटो.

“ओठावरचा तीळ तुम्ही काढलात?”

“हो.”

“तो परत द्या. रविवारी मुलगा बघायला येणार आहे. फोटोत नाही आणि तोंडावर आहे म्हटल्यावर तो काय समजेल, मी वाटेत लावून घेतला?”

मी पेन्सिल धुतली आणि तीळ परत दिला. नाना म्हणाले, “फुकटात दोनदा काम!” मला मात्र ती मुलगी फार आवडली होती.

प्रमिलाताई पहिल्यांदा आल्या त्या अशाच एका दुपारी. खांद्याला कॅमेरा, पायात पुरुषी चपला. एरवी त्या घरच्या मोरीतच फिल्म धूत. त्या दिवशी पाणी नव्हतं म्हणून एक रोल धुऊन, छापून हवा होता. त्यात विड्या वळणाऱ्या एका म्हातारीचा जवळून घेतलेला चेहरा होता. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण हाताला सवय. मी तिच्या कपाळावरच्या अर्ध्या सुरकुत्या पेन्सिलीनं भरून टाकल्या. प्रमिलाताईंनी प्रिंट हातात घेतली, खिडकीपाशी नेली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

“ह्या कोण?”

“तुमच्याच रोलमधल्या आजी.”

“नाही. त्यांना मी भेटलेय. ह्यांना नाही भेटले.” मग म्हणाल्या, “पेन्सिलच आहे ना? धुता येते?”

“येते.”

“मग धुवा. आणि इथं कंटाळा आला की माझ्याकडे या. माझ्याकडे डाग काढायचं काम नाही, असलेले नीट दिसतील असं छापायचं काम आहे.”

तीन महिन्यांनी मी गेले. तीस वर्षं राहिले.

त्यांच्या घरातली मोरी हीच आमची डार्करूम. खिडकीला काळं कापड, पाटावर रसायनांचे ट्रे, वर लाल दिवा. वास जिन्यात जायचा आणि शेजारचे काका दार उघडून विचारायचे, “आज काय शिजवलंय?” प्रमिलाताई आतून सांगायच्या, “पाच बायका आणि एक पोलीस!”

शहरात बातम्यांचे फोटो काढणारी बाई तेव्हा दुसरी नव्हती. लोकांना ते खरंच वाटत नसे. खडकवासल्याला धरण भरल्यावर जलपूजन होतं. पाहुणे खोळंबलेले, भटजी खोळंबलेले. प्रमिलाताई कॅमेरा लावून तासभर उभ्या. एक अधिकारी म्हणाले, “फोटोग्राफर येऊ दे, की सुरू करू.”

“आलाय,” प्रमिलाताई म्हणाल्या. “मिशा घरी विसरलाय.”

हे सांगून लोक हसतात, पण मला त्यांच्या थट्टेपेक्षा त्यांच्या एका नियमाविषयी लिहायचं आहे. तो नियम एका चुकीतून आला. मी येण्याच्या आधीची गोष्ट. येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या बाजूला त्यांना फोटो काढायची परवानगी मिळाली होती. एक तरुण बाई शिवणयंत्रावर बसलेली, चेहरा सुरेख. फोटो छापून आला. नंतर त्या बाईचा निरोप आला की तिच्या मुलाला, आई मुंबईला नोकरीला आहे, असं सांगितलेलं होतं. तो वर्तमानपत्र वाचण्याच्या वयाचा होता. तिनं शिवी दिली नव्हती, काही मागितलं नव्हतं. फक्त कळवलं होतं.

तेव्हापासून नियम असा की पहिली प्रिंट ज्याची त्याला द्यायची. समोर बसायचं आणि विचारायचं, हा फोटो लोकांना दाखवू का? जे उत्तर येईल ते निगेटिव्हच्या पाकिटावर लिहायचं, ‘हो’ किंवा ‘नाही’, आणि सांगितलं तर कारण. ‘नाही’ची पाकिटं पत्र्याच्या वेगळ्या पेटीत जात. त्या पेटीत प्रमिलाताईंचं काही सर्वात चांगलं काम आहे. मी एकदा विचारलं, “मंत्र्यांनाही विचारणार?”

“खुर्चीवर बसलेल्याला विचारायचं नाही. तो फोटोसाठीच बसलेला असतो. जमिनीवर बसलेल्याला विचारायचं.”

हिराबाई जमिनीवर बसायच्या. वारज्याच्या पलीकडे तेव्हा टेकडी फोडून खडी काढत. नव्या इमारतींना खडी लागे, आणि ती फोडायला मराठवाड्यातून आलेल्या बायका. आम्ही महिनाभर तिथे जात होतो. हिराबाई चाळिशीच्या आतल्या, सगळ्या बायकांत तोंडाळ. कॅमेरा पाहून म्हणाल्या, “फोटूवाल्या बाई, दगड पन काढा फोटूत, नायतर लोकं म्हनतील हातोडा खेळायला दिलाय.”

त्यातला एक फोटो. हिराबाई हातोडा मांडीवर ठेवून क्षणभर थांबल्या आहेत, मागे फोडलेली टेकडी, नजर थेट आपल्याकडे. आणि उजव्या डोळ्यातून गालावरून हनुवटीपर्यंत पाण्याची एक चकाकती रेघ. ट्रेमध्ये ती प्रिंट हळूहळू उमटली. प्रमिलाताईंनी ती चिमट्यानं उचलून लाल उजेडात धरली. त्याच सुमारास त्यांच्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनाचं ठरत होतं, दिल्लीला. दोघींच्याही मनात एकच आलं.

प्रिंट घेऊन खाणीवर गेलो. हिराबाईंनी हात लुगड्याला पुसले, फोटो धरला, दूर नेला, जवळ आणला.

“ह्यात मी रडती.”

“रडत नव्हता?” प्रमिलाताईंनी विचारलं.

“कशाला रडू? कच उडून डोळ्यात गेली व्हती, दोन सालं झाली. तवापासनं गळतो. जेवताना गळतो, भांडताना गळतो. हसले तरी गळतो. ह्यो फोटू बगून लोकं म्हनतील, बिचारी. मला बिचारी कुनी म्हनलेलं खपत न्हाई.”

“खाली लिहू आम्ही तसं. डोळ्याला इजा झालीय म्हणून.”

“लोकं आदी वाचत्यात का आदी बगत्यात?”

“आधी बघतात,” प्रमिलाताई म्हणाल्या.

“बगून झाल्यावर वाचून काय उपेग? न्हाई. पन फोटू माज्याकडं ऱ्हाऊ द्या. माजा हाय.”

पाकिटावर ‘नाही’ लिहिलं गेलं.

आता माझी चूक. ती यंदापर्यंत आम्हा तिघींशिवाय कुणाला माहीत नव्हती. ते पाकीट पेटीत टाकायला प्रमिलाताईंनी माझ्याकडे दिलं, आणि मी टाकलं नाही. मला वाटलं, अडचण त्या रेघेची आहे ना? मग रेघ नसली तर? हिराबाईंचं समाधान होईल, प्रमिलाताईंना त्यांचा फोटो मिळेल. मी त्यांना न सांगता निगेटिव्ह काचेवर ठेवली आणि पातं घेतलं. चकाकी होती, पेन्सिलीचं काम नव्हतं. दोन दुपारी लागल्या. इतकं साफ काम मी स्टुडिओतही कधी केलं नव्हतं. गाल कोरडा झाला. एक प्रिंट काढली आणि पुढच्या वेळी खाणीवर गेलो तेव्हा पिशवीतून काढून हिराबाईंच्या हातात दिली. प्रमिलाताईंना तिथेच पहिल्यांदा दिसली.

हिराबाई म्हणाल्या, “माजा डोळा तुमी बरा केला व्हय?”

मी हसले. मला ती शाबासकी वाटली.

“असा बरा व्हतो? मग मला बी सांगा की, कुठलं औशीद. उद्या ह्यो फोटू त्या मुकादमाला गावला तर म्हनंल, बग, डोळा तर धडधाकट हाय तुजा. कामाला लाग.” त्यांनी प्रिंट माझ्या हातात परत ठेवली. “पोरी, मी रडती बी न्हाई आन बरी बी न्हाई. डोळा गळतो. येवढंच हाय. येवढं तुमाला दावता येत न्हाई का?”

परतताना बसमध्ये प्रमिलाताई खिडकीबाहेर पाहत होत्या. घरी आल्यावर भिंग लावून निगेटिव्ह पाहिली.

“धुता येतं?”

“नाही. पातं आहे.”

पाकिटावर ‘नाही’च्या खाली त्यांनी लिहिलं, ‘खरवडली’. कुणी, ते लिहिलं नाही. महिनाभर आम्ही एकाच मोरीत शेजारी उभ्या राहून काम केलं आणि कामापलीकडे एक शब्द बोललो नाही. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, “शैला, चहा टाक.” विषय तिथे संपला, म्हणजे त्यांच्याकडून संपला. दिल्लीच्या प्रदर्शनात तो फोटो नव्हता. परीक्षण लिहिणाऱ्या एकानं लिहिलं की काम प्रामाणिक आहे, पण मनात घर करून राहील असं एकही चित्र नाही. ते कात्रण मी लपवून ठेवलं होतं. त्यांना ते सापडलं. वाचून म्हणाल्या, “बरोबर आहे त्याचं. ते पेटीत आहे.”

असं बरंच काही पेटीत राहिलं, आणि बाहेर त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत झालं नाही. मागून आलेल्या, न विचारता फोटो काढणाऱ्या पुरुषांची पुस्तकं निघाली. मी चिडले की त्या म्हणत, “तुला काय घाई आहे?”

जाताना त्यांनी सगळ्या निगेटिव्ह माझ्या नावावर केल्या. पाकिटांसकट, असं मुद्दाम लिहून.

महिन्याभरात एका संस्थेकडून अनिरुद्ध आला. प्रदर्शनं उभी करतो. तिशीचा, हुशार, नम्र, आणि प्रमिलाताईंचं काम त्यानं खरंच नीट पाहिलं होतं. तो मला शैलामावशी म्हणू लागला ते मला आवडलं. शहरात मोठं प्रदर्शन, पुस्तक, सगळं ठरत आलं. मग त्यानं जुन्या कॉन्टॅक्ट शीट पाहायला मागितल्या. पूर्ण रोल कागदावर निगेटिव्हच्याच आकारात छापतात, ती कॉन्टॅक्ट शीट. हिराबाईंच्या रोलची शीट खरवडण्याआधीची होती. बोटभर चौकोनात हिराबाई, गालावर रेघ.

“मावशी, हा! हाच पोस्टर. हे बघून कुणी आत आल्याशिवाय राहील का?”

मी पाकीट दाखवलं. ‘नाही’ आणि ‘खरवडली’. कुणी खरवडली तेही सांगितलं. त्यानं पाकीट परत ठेवलं.

“निगेटिव्हचं नो टेन्शन. शीट स्कॅन करू आणि कम्प्युटरवर तेवढा भाग परत आणू.”

“कोणता भाग?”

“अश्रूचा.”

मी त्या बाईच्या गालावरून एक अश्रू काढला होता, जो अश्रू नव्हताच. आता हा मुलगा तो परत लावणार होता. दोघांची हत्यारं वेगळी, काम एकच.

“नाही,” मी म्हणाले.

मग पंधरा दिवस फोन. संस्थेतल्या वरिष्ठांनी समजावलं. हा फोटो नसेल तर बाकीच्या कामासाठी एवढं मोठं दालन देणं अवघड आहे. एका पाकिटावरच्या शब्दासाठी तुम्ही प्रमिलाताईंचं अख्खं आयुष्य अंधारात ठेवणार का? हे शेवटचं मला लागलं. खरं सांगते, मी डळमळले. ज्या बाईवर आपलं प्रेम आहे तिचं नाव शहरातल्या भिंतींवर लागावं असं कुणाला वाटणार नाही? मी म्हणाले, हिराबाईंना विचारू. त्या हो म्हणाल्या तर माझी सही घ्या.

शोधायला फार लागलं नाही. त्यांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, वारज्यातच राहतो. तिसरा मजला. समोरच्या खिडकीतून टेकडीचा उरलेला तुकडा दिसतो, त्यावर आता इमारती आहेत. हिराबाई पलंगावर बसलेल्या, केस पांढरे, आवाज तोच. मला त्यांनी लगेच ओळखलं.

“आली का डोळा बरा करनारी!”

सून चहा घेऊन आली. अनिरुद्धनं लॅपटॉप उघडून मोठा केलेला फोटो दाखवला. पोस्टर कसं असेल, किती लोक येतील, सांगितलं. फार चांगलं बोलला. हिराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा उजवा डोळा भरला आणि पाणी गालावरून उतरू लागलं. अनिरुद्ध बोलता बोलता अडखळला. लॅपटॉप मिटून तो खाली वाकला.

“सॉरी, आजी. जुन्या आठवणी आल्या का? त्रास होत असेल तर आपण थांबू या.”

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“बगितलंस? ह्यो तर म्होरं बसलाय. ह्याला बी कळंना.”

सून तोंडाला पदर लावून हसली. अनिरुद्धचे कान लाल झाले.

“आजी, म्हणजे नाही?”

“बाळा, मला बगायला लोकं येनार असतील तर येऊ दे, मी हितं हाय. चा बी देईन. पन ते मला बगायला न्हाईत येनार. कोन एक रडनारी बाई हाय, तिला बगायला येनार. ती मी न्हवं.” मग मला विचारलं, “फोटूवाल्या बाई आल्या न्हाईत? पायरी चढवत न्हाई का आता?”

“गेल्या, हिराबाई. फाल्गुनात.”

त्या उठल्या. पलंगाखालची ट्रंक ओढली आणि लुगड्याच्या घडीतून ती पहिली प्रिंट काढली. कोपरे मऊ झालेले, रेघ जागच्या जागी. मांडीवर ठेवून तिच्यावरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते कच गेलेल्या डोळ्याचं होतं की नाही, या वेळी मलाही ओळखता आलं नाही. मी विचारलं नाही.

निघताना त्या म्हणाल्या, “त्या इचारायच्या. म्हनून मी हाय तशी ऱ्हायले.”

जिन्यात अनिरुद्ध म्हणाला, “मावशी, मी रिपोर्टमध्ये काय लिहू?” मी म्हणाले, “त्या म्हणाल्या तेच.” त्यानं तसंच लिहिलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. संस्थेनं प्रदर्शन पुढे ढकललं. कधीपर्यंत, ते सांगितलेलं नाही. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणोत. तीस वर्षांत मी माझ्या हातानं प्रमिलाताईंची एकच निगेटिव्ह बिघडवली. दुसऱ्यांदा तीच बिघडवणार नाही, आणि कुणाला बिघडवू देणार नाही. दालन ज्यांचं आहे त्यांनी ते खुशाल रिकामं ठेवावं. ‘हो’ची पाकिटं माझ्या घरी नीट लावून ठेवली आहेत. ज्याला प्रमिलाताईंचं काम पाहायचं आहे त्यानं संध्याकाळी यावं. मी एकेक काढून दाखवते आणि कोण काय म्हणालं ते वाचून दाखवते. आतापर्यंत बरेच जण येऊन गेले. परवा हिराबाईंचा लिफ्टवाला मुलगाही बायकोला घेऊन आला होता.

संपादकांना कळवलं आहे की लेखाबरोबर फोटो येणार नाही. त्यांचा फोन आला, “अहो, मग वाचकांना कळणार कसं त्या कशा दिसतात?”

हिराबाईंचा उजवा डोळा गळतो. त्या रडत नव्हत्या. या पानावर फोटोसाठी सोडलेली जागा असेल, तर ती तशीच राहू द्यावी, तिथे जाहिरात टाकू नये, एवढी विनंती. विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या.